वाळुंजाच्या काठीचं माप

झाकर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझा वाळुंज कापत होता.

मोठ्या उपासाचा पहिला आठवडा. सकाळची प्रार्थना आटोपून, बिनदुधाचा चहा घेऊन मी पायांना बर्फावर चालायचे जोडे बांधले आणि नदीच्या जुन्या फाट्यावर गेले. तिथे वळणावर वाळुंजाचं एक बेट आहे. एकाच मुळातून बरीच खोडं वर आलेली, आणि प्रत्येक खोडावर खळगे. खळगे म्हणजे आमचे हिरे, साल काढली की तसाच आकार निघतो. एका खोडाला असले की त्या बेटातल्या सगळ्यांना असतात. असं बेट सापडलं की आम्ही त्याला चिंधी बांधतो आणि एका वेळी एकच खोड नेतो. माझी लाल चिंधी दोन वर्षांपासून तिथे होती.

चिंधी होती. तिच्या खाली एक उंच माणूस गुडघ्यावर बसून करवत चालवत होता.

"ही खूण दिसली नाही का तुम्हाला?"

त्याने करवत थांबवली, कानावरची टोपी मागे सारली. "दिसली ना. मला वाटलं, कुणाच्या तरी दोरीवरून उडून आली असेल."

"इथून सगळ्यांत जवळची दोरी माझी. ती पलीकडच्या काठाला आहे."

"वाराही होता रात्री," तो म्हणाला. चेहरा अगदी गंभीर. फक्त डोळे तेवढे गंभीर नव्हते.

खोड अर्ध्यावर कापलं गेलं होतं, आता सोडून काय उपयोग? मी म्हटलं, न्या, पण हे ओलं आहे, तडकेल. तो म्हणाला, सावकाश वाळवीन. मी म्हटलं, परास्केवा आत्याच्या घरात स्टोव्हपासून लांब अशी जागाच नाही.

"म्हणजे माझी चौकशी झालेली आहे."

"आमच्या गावात चौकशी करावी लागत नाही. आत्याच्या दारात नवे बूट दिसले, की तेवढ्याने कळतं."

तो हसला. मग खोडावरच्या एका खळग्यात अंगठा घालून त्याने विचारलं, ही कीड का? मी सांगितलं, रोगच आहे. बाजूची फांदी मरते, तिथून शिरतो, आणि खोड त्याच्या कडेकडेने वाढत राहतं. साल काढली की मधलं लाकूड तांबडं निघतं आणि भोवतालचं दुधासारखं पांढरं.

"रोग… आणि इतका देखणा?"

असं म्हणताना तो लाकडाकडे बघत नव्हता. मी जोडे वळवले आणि घराची वाट धरली.

झाकर नदीच्या खालच्या अंगाचा. आमच्या देवळाच्या जमिनीच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलायला गावाने त्याला बोलावलं होतं. उपास संपायच्या आत काम पुरं करून, नदीवरचं बर्फ पक्कं आहे तोवर तो बर्फगाडीने परत जाणार होता. खालच्या बेथेल बंदरातून उन्हाळ्यात तेलाची बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नाव, वर येते. तिच्यावर यंदा त्याला कायमची जागा मिळणार होती. बर्फ फुटल्यावर दोन्ही बाजूंची वाट बंद होते, आणि बार्ज कुणासाठी खोळंबत नाही. हे सगळं आत्याने मला चहाच्या एका कपात सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

विचारलं नव्हतं, कारण मी काहीच मागत नव्हते. उपास सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे देवळात एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतो. त्यानंतर जो तो मनाशी काहीतरी ठरवतो आणि कुणाला सांगत नाही. मी ठरवलं होतं, पास्खा, म्हणजे ईस्टरचा सण, उजाडेपर्यंत स्वतःसाठी कुणाकडे काही मागायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण जेवताना मीठ लांब असलं तरी आपण उठून आणायचं. आत्याच्या ते लगेच लक्षात आलं. तेव्हापासून मी तिच्याकडे गेले की साखरेचं भांडं नेमकं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असायचं, आणि आत्या माझ्याकडे न बघता विणत बसायची.

आठवड्याने झाकर आमच्या दारात आला. हातात ते खोड, वरपासून खालपर्यंत तडकलेलं.

"सांगितल्याप्रमाणे झालं," तो म्हणाला. "आता पुढचं सांग, फेक्ला." अहोजाहो त्याने दाराबाहेरच ठेवलं होतं.

पुढचं सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करायला हवी.

पाद्री आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा विमानाने येतात. एरवी प्रार्थना चालवतात ते बाबा. उपासाच्या दिवसांत त्या लांबच लांब असतात, आणि आमच्याकडे प्रार्थनेला कुणी बसत नाही. बाबांचा उजवा खुबा गेलेला. ते एका पायावर भार देऊन, पोथीच्या स्टँडला धरून उभे राहायचे. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि विचारलं तर म्हणायचे, डुलकी काढतोय. मी त्यांना वाळुंजाची काठी करून दिली होती. त्यांनी एकेक हिरा बोटाने बघितला, छान म्हणाले आणि दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवली. मुलीच्या हातून काठी घेतली म्हणजे मुलगी म्हणते तेवढं वय झालं, असं त्यांचं मत. पास्खाला तर ओळीने कित्येक तास उभं राहायचं असतं. यंदा ते पडतील ही माझी भीती होती.

हे मी झाकरला सांगितलं.

"मी दिली तर?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पाहुण्याने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू आमच्याकडे परत करता येत नाही. त्याच्यासमोर ती वापरावी लागते, नाहीतर त्याचा अपमान होतो. बाबांना पाहुण्याचा अपमान करता आला नसता.

"तुझीच टांगलेली काठी मी दिली म्हणून सांगू?" त्याने विचारलं.

"उपासात खोटं बोलायचं?"

"मग उपासात शिकव."

दुसऱ्या दिवशी आम्ही उभं वाळलेलं खोड शोधायला गेलो. आत्या आपणहून सोबत निघाली, स्लेजमध्ये पांघरूण घेऊन बसली आणि म्हणाली, मलाही जरा बाहेरची हवा मिळेल. थंडीत वाळुंजाची साल सगळी सारखीच करडी दिसते. खळगे डोळ्यांनी कळत नाहीत, हातमोजा काढून खोडावरून हात फिरवावा लागतो. मी एका बाजूने चाचपत होते, तो दुसऱ्या बाजूने. एका खोडावर दोघांचे हात एकाच खळग्यात आले. त्याने हात काढला नाही. मी काढला, पण लगेच नाही.

"सापडला का हिरा?" आत्याने स्लेजमधून विचारलं.

"सापडला, आत्या," झाकर म्हणाला.

"मग पुढचं खोड बघा. एकाच ठिकाणी बोटं गोठतील."

त्यानंतर रोज, देवळातलं काम झालं की तो आत्याच्या ओसरीत बसायचा. मी शेजारी. वाळलेल्या खोडाची साल उन्हाळ्यातल्यासारखी सुटून येत नाही, वाकड्या सुरीने एकेका हिऱ्यातून कोरून काढावी लागते. झाकर सुतार. रंधा मारायची सवय, त्यामुळे सगळं सरळ करायला जायचा. मी सांगायची, कडा कापू नकोस, खळगा आहे तिथेच थांब, लाकूड वाकलंय तसं वाक. तो म्हणायचा, तू मला वाकायला शिकवतेयस. मी म्हणायची, मी काठी करायला शिकवतेय. आत्या विणता विणता म्हणायची, मला दोन्ही ऐकू येतं.

पहिला हिरा उघडला तेव्हा मात्र त्याने सुरी खाली ठेवली. बराच वेळ त्या तांबड्या लाकडाकडे बघत राहिला. लाकूड वळवून बघितलं, ओलं बोट फिरवून बघितलं. मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेवढ्यानेच माझा चहा गार झाला.

आणखी एक गोष्ट. साखरेचं भांडं लांब असलं की तो ते माझ्याकडे सरकवायला लागला. मिठाचंही तसंच. मी मागत नाही हे त्याने बघितलं होतं, का ते विचारलं नव्हतं. आत्याने एकदा भांडं परत ओढून घेतलं. त्याने बोलणं न थांबवता ते पुन्हा सरकवलं.

राहता राहिलं माप. काठीची लांबी उभ्या माणसाच्या मनगटापर्यंत हवी. आमच्याकडे जिवंत माणसाला दोरी लावून मापत नाहीत. ते माप एकदाच घ्यायचं असतं आणि तेव्हा माणूस उभा नसतो. शिवाय बाबांना कळता कामा नये. झाकर म्हणाला, सोपं आहे, मी प्रार्थनेला त्यांच्या शेजारी उभा राहीन आणि नजरेने माप घेईन. सुताराची नजर आहे.

त्याप्रमाणे तो प्रत्येक प्रार्थनेला आला. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मध्ये त्याने नव्याने बसवलेल्या फळ्यांचा ताजा वास. बाबांच्या अगदी शेजारी तो ताठ उभा असायचा, बुधवार-शुक्रवारच्या दीर्घ प्रार्थनांनाही. बाबा खूश होते. घरी येऊन म्हणायचे, खालच्या अंगाचा पोरगा, पण भक्ती आहे. मी पातेलं घासत राहायची. प्रार्थना चालू असताना मी वर बघत नसे. कधी बघितलंच, तर तो माझ्याच बाजूला बघत असायचा. मला वाटायचं, माझ्यामागच्या तसबिरीकडे बघत असेल.

दिवस मोठे झाले. छपरं गळायला लागली, नदीवर बर्फाचा रंग बदलला. दुपारी वर पाणी साचायचं आणि पहाटे पुन्हा गोठायचं. त्या वर्षी पास्खा उशिरा होता. झाकरच्या गावाहून रेडिओवर निरोप आला, आता नीघ, बार्जवाले तुझी जागा दुसऱ्याला देतील. त्याने उत्तर दिलं, वाळुंजाचा रविवार होऊ दे, सोमवारी पहाटे निघतो.

वाळुंजाचा रविवार पास्खाच्या आधीचा. उष्ण देशांत त्या दिवशी ताडाच्या झावळ्या घेतात म्हणे. आमच्याकडे ताड कुठला, आम्ही वाळुंजाच्या कोवळ्या, लवदार कळ्यांच्या फांद्या घेऊन देवळात उभे राहतो. त्या दिवशी उपासात मासे चालतात. प्रार्थनेनंतर आत्याकडे सगळे जमले, वाळवलेले सामन मासे आणि बटाटे. जेवण झाल्यावर झाकर उठला, कापडात गुंडाळलेली काठी त्याने बाबांपुढे धरली आणि म्हणाला, इग्नाती काका, ही मी स्वतः केलीय.

सगळे बघायला पुढे सरकले. काठी सुरेख झाली होती. हिऱ्याला हिरा लागून वर चढत गेलेला, तेल पिऊन लाकूड गडद झालेलं. बाबांनी माझ्याकडे एक नजर टाकली. कळलं त्यांना, कट कुणाचा ते. पण पाहुणा समोर उभा होता. ते उठले, काठी जमिनीवर टेकली आणि तिच्यावर भार दिला.

बाबा कमरेत वाकले. काठी चांगली वीतभर आखूड होती.

कुणीतरी हसलं. झाकरचा चेहरा पडला. तो पुढे होऊन काठी बघायला लागला, जणू ती मधल्या मध्ये आक्रसली असावी. बाबांनी ती पुन्हा टेकून बघितली, मग सरळ होऊन म्हणाले, "फेक्ला, इकडे ये."

मी गेले. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी टेकली. मूठ बरोबर मनगटाखाली आली, जराही वर-खाली नाही.

मागच्यांनी माना उंच करून मूठ कुठे येते ते बघितलं.

"सबंध उपासभर तू माझ्या शेजारी उभा होतास," बाबा झाकरला म्हणाले. "आधी मला वाटलं, प्रार्थना करतोय. आज वाटलं, माझं माप घेत होता. दोन्ही नाही."

आत्याने तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. झाकरने टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. ती टोपी त्याची नव्हती, पण ते सांगायला कुणी त्याच्यामागे गेलं नाही.

सोमवारी पहाटेची प्रार्थना केली, आणि नदीवर गेले. तो स्लेजवर सामान बांधत होता. रात्री कडक गोठलं होतं, वाट अजून दोन-तीन तास चालली असती, मग नाही. मी त्याला दुसऱ्याची टोपी परत करायला सांगितलं, त्याने ती काढून दिली. हसलो नाही दोघंही.

"काकांची काठी राहिली," तो म्हणाला.

"हो."

"फेक्ला, मी गेलो तर मला ती जागा मिळते. राहिलो तर जाते, पुढल्या वर्षीचं कुणी सांगावं… मी राहीन. तू एकदा म्हण, थांब म्हणून. बाकी मला काही नको."

माझ्या ओठांवर तो शब्द आला होता. मी कालची काठी बर्फावर टेकून उभी होते, आणि ती मला इतकी नेमकी होत होती की मुठीवरून हात हलेना.

"मला म्हणता येणार नाही," मी म्हणाले.

त्याने दोरीची गाठ घट्ट केली. मी त्याला सांगितलं, मनाशी काय ठरवलं होतं ते. कुणाला सांगायचं नसतं, तरी सांगितलं. मीठसुद्धा मागत नाही, आणि हे तर मिठापेक्षा किती मोठं. पास्खापर्यंत मी हे माझ्यासाठी मागू शकत नाही.

"आणि पास्खाला नदी फुटलेली असेल."

"हो."

"म्हणजे तुझ्या तोंडून ऐकायचं, तर न ऐकताच थांबायचं."

"मी तसंही म्हणत नाहीये. तू गेलास तर मी तुला दोष देणार नाही."

"हा न्याय नाही, फेक्ला."

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हता.

मी घरी आले. मागून बर्फगाडी सुरू झाल्याचा आवाज आला, नदीच्या खालच्या दिशेने गेला, वळणापलीकडे बारीक झाला आणि थांबला. मी स्टोव्ह पेटवला. बाबांसाठी बार्लीची पेज केली. तसबिरीपुढचा दिवा पुसला, पुसून झालेला पुन्हा पुसला. बाबा टेबलाशी बसून पोथीची तीच दोन पानं उलटत होते.

पेज वाडग्यात वाढली, तोच पुन्हा आवाज. या वेळी वर येणारा. दार उघडून झाकर आत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता, आणि खांद्यावर उभं वाळलेलं एक जाडसर, लांबलचक खोड. फाट्यावरच्या माझ्या बेटातलं.

माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. तो बाबांपुढे उभा राहिला. "काका, पुन्हा करतो. पण या वेळी माप लागेल."

बाबा त्याच्या ओल्या पायांकडे बघत राहिले. मग टेबलाला धरून उठले, माझा हात न घेता, आणि हात खाली सोडून सरळ उभे राहिले. "दोरी लावू नकोस," ते म्हणाले. "खोड लाव. आणि माझ्याकडे बघून लाव."

झाकरने खोड त्यांच्या शेजारी उभं धरलं, मनगटापाशी सुरीने खूण केली. बाबा खाली बसले आणि पेज पुढे ओढली. म्हणाले, त्याला कोरडे मोजे दे.

शुक्रवारी दुपारी नदी फुटली. सगळं गाव काठावर उभं होतं. बर्फाचे तक्तेच्या तक्ते एकमेकांवर चढत, घासत गेले. झाकर माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होता. बेथेलच्या दिशेला त्याने एकदा बघितलं आणि मग ओसरीत जाऊन सुरी हातात घेतली. त्या आठवड्यात तो माझ्याशी फारसं बोलला नाही. रागावला होता का, ते मला कळेना, आणि विचारणं म्हणजेही मागणंच झालं असतं.

पास्खाला बाबा सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहिले. काठीला तेल लावायला वेळ मिळाला नव्हता, मुठीवर साल थोडी तशीच होती. मिरवणुकीत देवळाभोवती फिरतानाही ते कुणाला धरून चालले नाहीत. ख्रिस्त उठला आहे, असं त्यांनी तीनदा म्हटलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. झाकर या वेळी त्यांच्याकडेच बघत होता.

उजाडल्यावर सगळे आत्याकडे उपास सोडायला बसले. लाल अंडी, गोड पाव, मूस हरणाचं मटण, इतक्या आठवड्यांनी लोणी. झाकर माझ्यासमोर बसला होता, अंडं सोलत. मी त्याला हाक मारली. हलकीच, तरी टेबलावरचं बोलणं थांबलं. आत्याची सुरी लोण्यात तशीच राहिली.

"मला तुझ्याकडे काहीतरी मागायचंय."

"माग."

"थांब."

त्याने खिडकीकडे बघितलं. बाहेर नदी तुडुंब वाहत होती, मधून मधून बर्फाचे तुकडे. "आता कुठे जाणार मी? वाट आहे का?"

"आत्तापुरतं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान, तो मी होता तेवढा मोठा केला. "होड्या सुरू होतील, तेव्हाही थांब. बाबांच्या काठीसाठी नको, देवळाच्या फळ्यांसाठी नको. माझ्यासाठी थांब."

बाबा पावाला लोणी लावत होते. ते लावतच राहिले.

झाकरने सोललेल्या अंड्याचे दोन भाग केले. एक माझ्या ताटलीत ठेवला, दुसरा तोंडात टाकला, आणि चावून झाल्यावर आत्याला म्हणाला, "आत्या, ओसरीत मला एक खण लागेल. हत्यारं ठेवायला."

"त्याचं काय ते तिच्या बापाला विचार," आत्या म्हणाली. "माझी ओसरी लहान आहे."

बाबांनी मान वर केली. म्हणाले, आमच्या घराला मागच्या अंगाला जागा आहे, पण छप्पर नाही. झाकरने विचारलं, किती रुंद. बाबांनी लोण्याची सुरी टेबलावर आडवी धरून दाखवायला सुरुवात केली, आणि मी उठले नाही, हात लांब करून झाकरला म्हटलं, चहा दे.